बोटाले इचार

पहिल्या चाचणीत विज्ञानाला चाळीसपैकी अकरा.
भंगाळे सरांची बेरीज चुकली असणार म्हणून
बाकाखाली पेपर धरून दोनदा मोजले.
अकराच.

कारण धडा तर मला येत होता.
भिंगांचा अख्खा धडा पिवळ्या मार्करनं रंगवलेला,
इतका, की न रंगवलेलं वाक्यच उठून दिसायचं.
मी पाच वेळा वाचला, हर्षाली कोळंबेनं सात.
ट्यूशनच्या पायरीवर आम्ही एकमेकींना आकडे सांगायचो
जणू गुण वाचण्याच्या खेपांना मिळणार होते.

पेपरात मला काय आठवलं, सांगू?
आकृती डाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात,
तिच्यावर चहाच्या कपाचं गोल.
गोल आठवलं. ते एका बाजूला फिकट होतं, तेही.
किरण कुठून आले, कुठं वळले,
ते नाही.

रावेरच्या स्टँडवर रोज दिसणारा माणूस असतो ना,
तशी मी त्या पानाला ओळखत होते.
नाव विचारलं असतं कुणी, तर गप्प.

रविवारी बाबांचा डबा घेऊन निंभोऱ्याकडच्या बागेत गेले.
सुपडू तायडे, केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम.
ट्रक येऊन उभा. मालक घड्याळ बघतोय,
काढून टाका सगळा माल, म्हणतोय.
बाबा एकेका घडापाशी थांबतात,
केळाच्या अंगावरून बोट फिरवतात.
कोन लागला, की पुढं.
कोन मोडून केळ गोल झालेलं असेल तरच विळा.

मी म्हटलं, बाबा, सगळे सारखेच तर आहेत.
"डोयाले सगयंच भरेल दिसते," ते म्हणाले,
"बोटाले इचार."
आणि पाणी प्यायला गेले.
आपण काही बोललो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या रात्री माझं पिवळं पान बघितलं
आणि पावडरीनं पिकवलेली केळी आठवली,
वरून सोनं, आत दाताला लागणारं कच्चेपण.

पुस्तक मिटलं. कोरा कागद घेतला.
येतं ते लिही, स्वतःला म्हटलं.
चार ओळी आल्या. मग पंख्याचा आवाज.
इतका राग आला मला, त्या कागदाचाच,
की पुन्हा पुस्तक उघडून वाचावंसं वाटलं,
वाचताना किती छान वाटतं ना,
सगळं आपलंच असल्यासारखं.

नाही उघडलं. म्हणजे, लगेच नाही.

आता अडतं तिथं कडेला छोटा त्रिकोण काढते:
कोन आहे अजून.
बागेत आठ दिवसांनी दुसरी फेरी होते,
तशी त्रिकोणाखाली तारीख टाकते.
हर्षाली हसते. तिचे चार धडे झाले, माझा दीड.
मलाही भीती वाटते, खोटं कशाला बोलू.
आणि बोटही फसतं कधी कधी.
विद्युतधारेला मी गोल समजून विळा लावला होता.

काल बाबा जेवून ओट्यावर बसले होते.
मी कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांना वाचता येत नाही,
आकृती बघता येते.
हे भिंग, ही नाभी, ही मेणबत्ती नाभीच्या आत ठेवली,
म्हणून प्रतिमा मोठी, सुलट, आणि मेणबत्तीच्याच बाजूला.
मला फार बरं वाटत होतं, धडाधड येत होतं सगळं.

त्यांनी तुटक रेषांवर बोट ठेवलं.
"उजेड तं पुढं जाते. ह्या मांगं काबरं काढल्या?"

मी तोंड उघडलं.
पुस्तकातलं वाक्य होतं माझ्याकडे, अख्खं, पिवळं.
ते नाही बोलले.

बाबांनी थोडी वाट बघितली, मग तंबाखू मळायला घेतली.
मी पेन्सिल काढली.
त्रिकोण. खाली तारीख.