नव्वद दातांचं चाक

मिनिनोनं तारवावरची नोकरी संपल्यावर जे यंत्र बांधलं
ते तीनच दिशांना चालायचं.
फळीवर कमळ कोरायचं, दुकानाची पाटी,
कुणाच्या फाटकासाठी घराचं नाव.
गोल लाकूड समोर ठेवलं की आडून बसायचं.
म्हणाला, "शेवंती, तू चिताऱ्यांकडची.
लाकूड फिरतं कसं ते तुला ठाऊक."

ठाऊक होतं.
बाबलमामाच्या सांगड्यावर दोरी मी ओढायची.
उजवा हात ओढला की लाकूड त्याच्याकडे,
डावा ओढला की परत.
पटाशी लागायची फक्त येताना,
जाताना मामा ती उचलायचा, श्वासाएवढी.
दुपारी माझा डोळा लागला की दोरी सैल,
आणि पाळण्याच्या खुंटीवर एक दात उमटायचा.
मामा काही बोलायचा नाही,
त्या दातावर लाखेचा लाल जरा जाड चढवायचा.

मडगावच्या भंगारातल्या झेरॉक्स मशीनची मोटर
मिनिनोनं पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर ठेवली.
तिच्या एका फेरीत दोनशे पावलं,
प्रत्येक पावलाचे पुन्हा सोळा तुकडे.
वीस दातांचं चाक, पट्टा, एकशेवीस दातांचं चाक,
पुढे तीन जबडे, शिवणीचा ठोकळा धरून.
दुसऱ्या टोकाला टोकदार सुळका.
दोन दिवस तो सुळका एका रेषेत येईना.
डायलचा काटा या टोकाला सात घरं,
त्या टोकाला अकरा.
शेवटी सिगरेटच्या पाकिटाची चांदी घडी करून खाली सारली.
चार. मग दोन.
"दोन चालतील," मी म्हटलं. लाकूड पावसात याहून जास्त फुगतं.

मग यंत्राला सांगायचं होतं
एका अंशाला किती पावलं.
मिनिनोनं चष्मा लावून हिशोब केला:
त्रेपन्न पूर्णांक तेहतीस.
ठोकळ्यावर मी खडूची रेघ ओढली, जबड्यासमोर खूण,
आणि म्हटलं शंभर फेऱ्या मार.
शंभर फेऱ्यांनंतर रेघ खुणेच्या अलीकडे थांबली,
तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढी.
पुन्हा शंभर. दोन दाणे.
"पुढे तीन लिही," तो म्हणाला, "आणखी तीन, आणखी.
हा आकडा संपतच नाही."
त्यानं आठ तीन लिहिले. नववा लिहायला जागा नव्हती.

मी पंचवीस वर्षं किराणा विकलाय.
न संपणारी बाकी मी वहीत ठेवत नाही.
रात्री पाठीमागच्या कोऱ्या पानावर मांडलं:
मोठं चाक नव्वदाचं घेतलं तर?
साडेचार पट. एका अंशाला चाळीस.
चाळीस. पुढे काही नाही.
सकाळी वही त्याच्यासमोर ठेवली.
त्यानं दोनदा गुणलं, मग चहा सांगितला.

चाक बेळगावहून कदंबाच्या ड्रायव्हरकडे आलं, आठव्या दिवशी.
शंभर फेऱ्या. दोनशे. हजार,
तोवर आम्ही जेवून आलो.
रेघ खुणेवर होती.

पहिली खुंटी कोरायला घेतली.
लाकूड एकाच दिशेनं फिरत होतं,
येणं-जाणं नाही, पटाशी उचलणं नाही,
भुसा सरळ माझ्या पायांवर.
माझे हात मांडीवर होते
आणि उजवा मधूनच आवळत होता.
मिनिनोनं पाहिलं. तोंड वळवून पट्टा तपासत बसला.

अर्ध्यावर वीज गेली.
तासाभरानं आली तेव्हा
यंत्र जिथं थांबलं होतं तिथंच शून्य समजून बसलं.
त्याला काही आठवत नव्हतं.
मिनिनो शिव्या देत बटणं दाबू लागला.
मी पट्ट्याला हात घातला,
लाकूड थोडं माझ्याकडे ओढलं,
थोडं परत,
रेघ खुणेसमोर आणली.
"आता सांग त्याला," म्हटलं, "शून्य इथं."

खुंटीवर एक बारीक दात राहिलाय, वीज गेली तिथं.
लाख तापवून ठेवलीय.
केवड्याचं पान मी घरून आणते.