सात वर्षांचा करार

पिल्लू घरी आणलं त्या दिवशी
ओकिनूनं त्याला चुलीपाशी बसवून बजावलं होतं,
“सात वर्षं. वर एक दिवस नाही.
शेपटीला दोन फाटे फुटायच्या आत
आपली वाट धरायची.”
आमच्या किनाऱ्यावर सगळेच सांगतात मांजराला असं,
भाडेकरूला सांगावं तसं.

नाव ठेवलं कोगे,
म्हणजे भाताच्या तळाला धरते ती खरवड.
रंग तसाच. चिकटपणाही.

सात झाली. नऊ झाली. तेरावं लागलं.
ओकिनू दर नववर्षाला बोटं मोजायला बसायची
आणि मुद्दाम चुकायची.

मग दिव्यातलं तारलीचं तेल रात्रीत आटू लागलं.
खुंटीवरचा माझा पंचा सकाळी ओला,
एका टोकाला गाठ, डोक्याला बांधतात तशी.
शेजारचा गेनपाची शपथेवर सांगायचा,
जाळी वाळवतात त्या मांडवामागं
मागच्या दोन पायांवर कुणी नाचत होतं,
“आणि ठेका चुकत होता, इसोकिची,
अगदी तुझ्या बायकोसारखा.”
ओकिनू हसली.
मांजरानं जांभई दिली.

या हिवाळ्यात ती गेली.
डोकं उत्तरेला, छातीवर सुरी, उशाशी दिवा.
बायका म्हणाल्या, आधी मांजर कोंडा,
प्रेतावरून उडी मारली तर प्रेत उठून बसतं.
गेनपाचीनं टोपली पालथी घातली,
वर जात्याची तळी.

सगळे पेंगले तेव्हा
मी तळी उतरवली.
सुरीही बाजूला ठेवली.
म्हटलं, हं. मार.

कोगे बाहेर आली. अंग ताणलं.
ओकिनूच्या पायांपाशी जाऊन
उडीआधी दबतात तशी दबली
(माझ्या कानांत नुसती भरती)
आणि तिथंच एक गिरकी घेऊन
पांघरुणाच्या त्या खळग्यात बसली
जिथं ती रोज झोपायची.
उजाडेपर्यंत हलली नाही.
मी शेपटी चाचपून पाहिली.
एकच होती.

तिला पोचवून परतलो तर घर रिकामं.
करार पाळला होता, उशिरा का होईना.

आता संध्याकाळी मी दिवा काठोकाठ भरतो,
पंचा खुंटीला लावतो.
सकाळी तेल तेवढंच असतं, पंचा कोरडा.

काल त्याला गाठ होती.
मीच मारली असेन,
हल्ली विसरायला होतं.
सोडवली नाही.