मागे पाहा

देवगडहून सकाळची एस.टी. मांडीवर प्लास्टिकची फाईल,
आत रजिस्ट्रेशनची झेरॉक्स, नऊ वर्षांचे दाखले,
आणि सगळ्यात खाली, उलटं ठेवलेलं
कौन्सिलचं पत्र.
मिठबाव गेलं, आचऱ्याचा पूल गेला,
पत्र उलटंच.

मालवणात दवाखान्याच्या बाकावर फॉर्म भरायला दिला.
नाव : रसिका गजानन कोयंडे. इथवर सोपं असतं.
रकाना चौदा :
आपणाविरुद्ध कोणतीही तक्रार प्रलंबित आहे काय?
असल्यास तपशील.
पुढे दीड ओळ.
दीड ओळीत रक्तगट मावतो.

प्रलंबित म्हणजे लोंबकळत असलेली.
सलाईनची बाटलीही लोंबकळते,
पण ती संपते तरी.

कणकवलीत मी लिहिलं होतं ‘नाही’.
नोकरी लागली. अकरा दिवस.
ऑफिसातला फोन वाजला
की इंजेक्शन भरता भरता हात थांबायचा.
असा हात पेशंटजवळ न्यायचा नसतो.
पगार न मागता निघाले.

कुडाळला लिहिलं ‘हो’.
साहेबांनी चहा मागवला, खारी मागवली,
‘कळवतो’ म्हणाले.
चहा चांगला होता.

बेड नंबर नऊ. पहाटेचे साडेतीन.
आजोबा मला ‘चेडवा’ म्हणायचे.
पडले, खुबा मोडला.
मुलगा म्हणतो, कठडा खाली होता.
रजिस्टर काहीच म्हणत नाही.
माझ्या हाताला आठवतं, कठडा वर केलेला,
खटका बसल्याचा आवाजसुद्धा.
पण तो आवाज मी नऊ वर्षं रोज रात्री ऐकला आहे,
त्यातला त्या रात्रीचा कुठला?

आता ते पडवीत खुर्चीवर असतात म्हणे.
भेटायला जाऊ नका, वकील म्हणाले.
आणि लिहिताना ‘कथित’ हा शब्द वापरा.
कथित दुर्लक्ष, ठीक.
खुबा मात्र कथित नव्हता.

आई चाळीस वर्षं बाजारात मासे विकते.
‘ताजो आसा’ असं कधी म्हणत नाही.
बांगड्याचा कल्ला उघडते, पुढे धरते : ‘तूच बघ.’
काल रात्री तिला म्हटलं, मीही तसंच करू का?
कोयतीची धार बघत ती म्हणाली,
‘माशाचा बरा आसता गो,
तो मेलेलो आसता.’

मी लिहिलं, ‘हो’.
तारीख, वॉर्ड, बेड नंबर. दीड ओळ संपली.
बारीक अक्षरात कडेला लिहिलं : मागे पाहा.
मागचं पान कोरं होतं,
अगदी कोरं, तिथे लिहायची सोयच नव्हती,
रेघासुद्धा नाहीत.
ओळी उतरत गेल्या उजवीकडे,
ओहोटीला होडी कलते तशा.
शेवटी लिहिलं : मला खात्री नाही.
हे वाक्य खोडावंसं वाटलं. पेन उचललं,
टोपण लावलं.

मेट्रन लुद्रिकबाईंनी दोन्ही पानं वाचली.
चष्मा काढला, पुसला, परत मागचं पान.
मी चहाची वाट पाहत होते.
त्यांनी विचारलं,
‘त्या रात्री वॉर्डात किती जणी होतात?’
एक.
‘आणि पेशंट?’
सव्वीस.

दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
मीही आपणहून सांगितलं नव्हतं,
सबब वाटेल म्हणून.
सबब नाहीच ती. नऊ नंबर
सव्वीस जणांत होता, पण पडला एकटा.
त्यांनी पेन्सिलीनं सव्वीसचा आकडा लिहिला,
भोवती गोल केला.
‘डॉक्टरांशी बोलते,’ म्हणाल्या.
हो नाही, नाही नाही.

तेवढ्यात आतल्या वॉर्डातली घंटा वाजली.
आम्ही दोघीही उठलो.
त्या गेल्या.
मी उभीच,
मग आठवलं, हा वॉर्ड अजून माझा नाही.
खुर्ची मागे ओढून बसले. कान मात्र
आतच होता,
खटका बसतो का ऐकत.