हलका माल

गणपती पेठेतली पेढी मिटली, शेठजींची पोरं पुण्याला गेली,
चोपड्या मात्र माझ्याकडं राहिल्या. चोवीस.
एका ऑगस्टात कृष्णामाई आत शिरली
आणि खालच्या फळीवरच्या सगळ्या वाचून गेली.
पानाला पान चिकटलं.
रद्दीवाला म्हणाला, ओल्या वहीचं वजन धरत नाही, काका.

मग निळा ड्रम आणला.
एकेक वही फाडून चार दिवस भिजत घातली.
पाणी पिवळं झालं. वाटलं, शाई उतरली.
वाकून वास घेतला तर हळद,
तीस वर्षं वखारीत उडालेली,
शिवणीत जाऊन बसलेली.

दस्तगीर गवंडी मिरजेहून आला आणि हसला,
"बाळगोंडा, पत्त्यांचा बंगलाच बांध की सरळ."
पण गच्ची त्यानंच ठोकून बघितली,
कान लावून, कलिंगड बघतात तशी,
आणि म्हणाला, विटांचं ओझं ही घ्यायची नाही.

तीन पाट्या लगदा, एक सिमेंट, अर्धी चाळलेली वाळू.
लगदा जुन्या धोतरात पिळायचा,
हाताला चक्क्यासारखा लागेपर्यंत.
द्राक्षांच्या क्रेटच्या फळ्यांचा साचा, आतून इंजिन ऑइल,
तळाच्या भोकांसाठी पपईच्या पोकळ दांड्या.

उंचीसाठी टेप लावली तिच्या कमरेला.
बत्तीस इंच.
चव्वेचाळीस वर्षांत तिचं माप शिंप्यानंच घेतलेलं,
मी पहिल्यांदा घेतलं.
गुडघ्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं की ती दळण टिपायला बसते.

पहिला वाफा कोपऱ्यातून तडकला.
मी घाई केली होती, दुसऱ्याच दिवशी साचा काढला.
दस्तगीर काही बोलला नाही,
पुढच्या खेपेला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घेऊन आला
आणि दुसऱ्याच्या पोटात घातली.
वर ओलं गोणपाट. आठ दिवस
सकाळ-संध्याकाळ पाणी.

यार्डात हलका माल म्हणजे हिणकस.
जन्मभर तो शब्द मी नाक मुरडून लिहिला.
साचा सुटला, दोघांनी दोन टोकं धरली
आणि वाफा आपसूक वर आला,
कुणी तिसऱ्यानं आधीच हात दिल्यासारखा.

सगळी अक्षरं काही मेली नाहीत.
बाहेरच्या अंगाला एका जागी नुसतं 'श्री',
एका जागी 'बाकी'चं 'बा',
आणि खाली, बोटानं चाचपलं तर कळतो,
माझाच सात, पोट सुटलेला.

चुना उतरावा म्हणून महिनाभर धूत राहिलो.
मग माती, शेणखत, उसाची मळी.
कांदा-मुळा आमच्यात नाही,
तिनं अंबाडी लावली, मेथी लावली.
मी म्हणालो, कोपऱ्यात हळदीची एक कुडी?
"तुमच्या हळदीनं माझी धुणी पिवळी केली," ती म्हणाली.
कुडी मी तिच्या नकळत पुरली.

काल ती ताठ उभी राहून मेथी खुडत होती,
पदर खोचलेला, एक हात वाफ्याच्या काठावर.
"ह्यात कुणाचा हिशेब आहे हो?"
मी म्हणालो, अंकलखोपचा एक होता. रिकाम्या पोत्यांचा. सत्त्याऐंशी सालचा.
"मिटला होता?"
मला आठवेना.
मिटला होता, म्हणालो.
"बरं," ती म्हणाली,
आणि पुढची जुडी बांधायला घेतली.