बादली क्रमांक सात

समितीची चिटणीस मी.
पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा कुणीसं म्हणालं,
तुमचं अक्षर चांगलं आहे.
तेवढ्या एका गुणावर तीन वर्षं
ऑलन फॉल्सच्या हायस्कूलची नवी इमारत
माझ्या वहीत उभी आहे,
पायाशिवाय.

पहिला अर्ज एकशे बारा पानांचा.
राज्याला हवं होतं छताचं वय, बॉयलरचं वय,
दर मुलामागे किती चौरस फूट,
आणि दहा वर्षांनी मुलं किती असतील.
हे विचारायचं कुणाला,
तर कागदाची गिरणी बंद पडलेल्या गावाला!
पिंकम बाईंनी जन्मांचे आकडे मागवले,
पेन्सिलीने जरासे वर ढकलले,
मग स्वतःच खोडले.

मार्चमध्ये दोघे आले राजधानीहून.
एकाच्या हातात भिंतीतली ओल मोजायचं यंत्र.
पुढे किल्ल्यांचा जुडगा वाजवत आन्सेल्म थिबोडो,
एकतीस वर्षं या शाळेचा
झाडूवाला, सुतार, प्लंबर, काय म्हणाल ते.
आदल्या रात्री दोनपर्यंत त्याने जिने पुसले होते,
रसायनशाळेच्या छताला पत्र्याचं ठिगळ मारलं होतं,
व्यायामशाळेच्या फळ्यांना मेण.
पाहुणे येणार म्हटल्यावर
माणूस आणखी काय करतो?

त्या दिवशी लख्ख ऊन.
एक थेंब गळला नाही.
सत्तावन्न सालचा बॉयलर
मांजरासारखा गुरगुरत राहिला.
यंत्रवाला म्हणाला, "राखलीय हो छान."
आन्सेल्मने टोपी काढून पुन्हा घातली.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

जूनमध्ये यादी लागली.
चौऱ्याहत्तर शाळांत आम्ही एकोणसाठावे.
पैसे पहिल्या नवांना.
आमच्या नावापुढे शेरा: देखभाल उत्तम.

त्या बैठकीत कुणीतरी बोललंच,
"पुढच्या खेपेला आन्सेल्मने जरा हात आवरावा."
हशा झाला, अर्धाच.
लूमिस म्हातारा म्हणाला, राज्याने दिले तरी
उरलेले आमच्याच घरपट्टीतून जायचेत ना?
मी दोन्ही वाक्यं टिपली. पहिलं खोडलं.
मागच्या खुर्चीवरून आन्सेल्म उठला
आणि बाहेर गेला.

वाटलं, गेला.
पण तो परत आला, तेलकट पुठ्ठ्याच्या चार वह्या घेऊन.
"घाण मी ठेवणार नाही," म्हणाला.
"हे बघा, चालतंय का."

४ नोव्हेंबर. बादली ७. दोनदा ओतली. वाचनालयाचं दार.
१९ जानेवारी. बादल्या ३, ७, ११. मुलं कोट घालून परीक्षेला.
२ एप्रिल. बादली ७. इतिहासाची नऊ पुस्तकं वाळत घातली,
चार गेली.
पानामागून पान, एकतीस हिवाळे,
कुठे चूक दुरुस्त केलेली, कुठे कॉफीचा डाग,
आणि एके ठिकाणी नुसतं: आज काहीच नाही. बरं वाटलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
त्याने एकतीस वर्षं झाकून धरलेली
आमच्यासमोर उघडली,
आणि आत नुसतं पाणी.
पिंकम बाई बराच वेळ चष्मा पुसत होत्या.

एकोणीस रात्री मी त्या वह्या उतरवून काढल्या,
जोडपत्र ड, चांगल्या अक्षरात.
'बरं वाटलं' हेही ठेवलं.
वास्तुतज्ज्ञ म्हणाला, याची गरज नाही.
म्हटलं, असू दे.

दुसरा अर्ज काल टपालात टाकला.
खिडकीतल्या मुलीला वजन करताना मी चूक दाखवली,
जुनी खोड.
परतताना शाळेवरून आले.
छतावरचं बर्फ सुटायला लागलंय.
वाचनालयाच्या दाराशी आन्सेल्म वाकलेला,
बादली सात काठोकाठ.
"हेही लिहिणार?" त्याने विचारलं.

मी दुसरी कडी धरली.
दोघांनी मिळून ती मोरीपर्यंत नेली,
फार न सांडता.