बिनकाठाचं

आधी पेर शोधायचं.
पेराखाली अर्धं बोट सोडून तिरका काप.
ब्लेड नवं हवं, दाढीचं चालतं.
पाण्यात एक तरी डोळा बुडायला हवा,
नाहीतर फांदी नुसती उभी राहते
पाहुण्यासारखी, चप्पल न काढता.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
खोकल्याच्या औषधाच्या सात बाटल्या आहेत,
एक लोणच्याची बरणी, एक अत्तराची कुपी
जिच्यात कधीच काही फुटलं नाही.
मनीप्लांट सहकारनगरच्या बँकेतला,
कॅशियर जेवायला गेला तेव्हा घेतलेला.
चोरलेलं लवकर लागतं म्हणतात. लागलं.
जेड एका साड्यांच्या दुकानाच्या पायरीवरचं,
एकच पान, कुणाच्या तरी टाचेखाली येता येता वाचलेलं.
कोलियस वरच्या मजल्यावरच्या कडूसकरांनी
आपण होऊन दिलेला,
म्हणून की काय, दोनदा कुजला.

दर अकरा महिन्यांनी करार संपतो.
धनकवडी, वारजे, मग कर्वेनगरात दोन घरं.
कुंड्या टेम्पोत बसत नाहीत,
किंवा टेम्पोवाला बसवत नाही.
म्हणून मी झाडं नेत नाही,
झाडांचे तुकडे नेते
ओल्या वर्तमानपत्रात, रिक्षात, मांडीवर.
मागे राहतं ते नव्या भाडेकरूचं,
तुकडा माझा.
ते एकच झाड की आता दोन,
मला अजून नीट सांगता येत नाही.

स्नेक प्लांटचं पान मात्र रीतसर मिळालं होतं.
लक्ष्मी रोडच्या दातांच्या दवाखान्यात
दाढ काढून, कापूस चावत बसले होते.
तिथं नंबर लावणाऱ्या तांबोळीबाईंनी
माझी नजर पाहिली, कात्रीनं पान कापलं,
औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळून हातात दिलं.
वर म्हणाल्या, तासभर बोलू नका आता.
म्हणून आभार राहिले ते राहिलेच.

त्या पानाचे चार तुकडे केले.
प्रत्येकाच्या खालच्या टोकाला खूण केली,
कारण उलटं लावलं तर ते
महिनोन्महिने हिरवं राहतं आणि काहीच करत नाही.
आपल्याला वाटतं, जगलंय.

नऊ वर्षांनी, गेल्या मंगळवारी,
तांबोळीबाई दारात.
जुन्या नोंदवहीत माझा फोन नंबर होता म्हणे.
हातात श्रीखंडाचा रिकामा डबा.
दवाखाना बंद झाला, डॉक्टर मुलाकडे गेले,
झाड बाईंनी घरी आणलं
आणि नातवानं त्याला लाडानं पाणी घातलं.
रोज.
"तुमच्याकडे असेल ना त्यातलं?"

होतं. कुंडी गच्च भरली होती.
बाईंनी चष्मा वर सरकवला,
पान दोन बोटांत धरून कडेकडेनं खाली गेल्या,
साडीचं पोत बघावं तशा.
"आणि काठ?"

मग सांगावं लागलं
की पिवळा काठ पानातून उतरत नाही.
गड्डा वाटून घेतला तर येतो.
पान लावलं की हिरवा येतो,
आडवे पट्टे येतात, ताठा तर येतोच,
काठ तेवढा मागे राहतो.
मीही पहिली दोन वर्षं
प्रत्येक नवं पान फुटताना वाकून बघायचे.
सांगताना आवाज उगाच खाली गेला,
जणू मीच तो उसवून विकला होता.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
चहाचं विचारावं का, असं माझ्या मनात.
मग म्हणाल्या,
"रोजच्याला बरं, बिनकाठाचं."

मुळांसकट द्यायला मी खुरपं शोधू लागले.
नको म्हणाल्या. पानच द्या, लावून बघते,
मला कुठं घाई आहे.
एक पान कापलं. त्यांनी पर्समधून पेन काढून
खालच्या टोकाला स्वतःच बाण काढला
आणि पान डब्यात उभं केलं.
झाकण लागेना, तसाच घेतला.

आभार मी जिन्यात मानले.
तोवर त्या एक मजला उतरल्या होत्या,
ऐकू गेलं की नाही कोण जाणे.
खालून फक्त विचारलं,
"पाणी कितीनं?"
"पंधरा दिवसांनी!" मी कठड्यावरून ओरडले.
"विसरलात तर उत्तम."