तेवीस

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एसीच्या गारव्यात
आम्ही पडदा घडवला तेव्हा
उन्हाचं काम ट्यूबलाइटवर भागवलं होतं.
खरं ऊन आगरवाड्याला.
तिथं ते दोनदा पडतं,
एकदा वरून,
एकदा मिठावरून परतून.

पहिल्याच दिवशी माझा फोन
मिठागराच्या बांधावर काळा ठिक्कर.
उजेड पूर्ण चढवला, हाताची झापड केली,
काचेत दिसलं फक्त माझं घामेजलेलं नाक.
सूर्यापुढे काजवा,
आणि काजव्याची बॅटरी दुपारीच संपते.

म्हणून हा दुसरा.
ह्याच्यापाशी स्वतःचा उजेड नाही.
पोटात केसाएवढ्या बारीक कुप्या,
कुप्यांत काळी पूड, पांढरी पूड.
विजेची एक टिचकी, काळी वर येते,
पांढरी बुडते, आकडा उमटतो.
मग वीज नको. उमटलं ते राहतं,
चुन्याच्या भिंतीवर कोळशाने लिहावं तसं.
ऊन जितकं कडक, तितकं अक्षर ठळक.
रात्री मात्र त्याच्याकडे
दिवा घेऊन जावं लागतं.

हे सगळं मी फोंडू पेडणेकरांना सांगितलं.
त्यांनी मीठ ओढायची फळी न थांबवता ऐकलं.
"खाऱ्या उदकांत तिगतलें मगो?"
एवढंच विचारलं.

खांबावर यंत्र बसलं, पाण्यात नळी सुटली.
पाणी किती दाट झालं ते अंशांत कळायचं,
पंचविसाच्या आसपास मीठ धरतं.
रोज सकाळी अकराला माझा फोन.
ते घसा खाकरून आकडा सांगत,
मी वहीत लिही.
सतरा. अठरा. साडेअठरा.
"दिसतं ना नीट?"
"वतांत बरें दिसता, बाये."
हे वाक्य मी अहवालात घातलं.
साहेबांनी ते जाड ठशात केलं.

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी
बॅटरी बदलायला गेले,
तर ती सोमवारीच मेली होती.
पडद्यावर सोमवारचा एकोणीस,
काळाभोर, ठाम,
जणू आत्ताच मोजलाय.
आणि माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात,
मंगळवार वीस,
बुधवार साडेएकवीस,
आज सकाळी तेवीस.

पिशवीतून काचेचा मापक काढून कुंडात सोडला.
डुलला, स्थिरावला.
तेवीस.

तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं.
बांधावर उकिडवे बसून
ते बोटं पाण्यात बुडवत होते,
अंगठ्याने चोळत होते,
जिभेच्या टोकाला लावत होते.
तोंड खांबाकडे नव्हतंच.
पन्नास हंगामांची झळ झेलून
दोन्ही बुबुळांवर साय धरलेली.
आपण प्रत्येक उन्हात वाचता येईल असा पडदा केला,
आणि डोळ्यांचं कुणी विचारलंच नाही.

"फोंडूबाब, किती झालं?"
ते उठले, खांबाशी गेले,
अनोळखी माणसाचं तोंड न्याहाळावं तशी मान कलती केली.
"तेवीस," म्हणाले. "बरयलां न्ही हांगा."

मी काही बोलले नाही.
नवी बॅटरी घातली.
पडदा एकदा काळा झाला, एकदा पांढरा,
मग त्यांनी म्हटलं तेच म्हणाला.

घरी परतताना त्यांच्या सुनेला, प्रशिलाला,
तेवढं सांगितलं.

मे महिन्यात म्हापशाला ऑपरेशन झालं, आधी उजवा डोळा.
हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात
ते काळा चष्मा लावून बांधावर आले.
खांबासमोर बराच वेळ उभे.
पाणी त्या दिवशी चोवीस होतं.
"बाये, ह्या चोविसाच्या फाटल्यान
कोण बसला?"

मी वाकून पाहिलं.
बॅटरी वाचावी म्हणून यंत्र पडदा रोज धुऊन काढत नाही,
हवं तेवढंच पुसतं.
उन्हाने तापलेली पूड पुरती बुडत नाही,
कालचा आकडा राखाडी, पुसट, मागे रेंगाळतो.
आम्ही त्याला भूत म्हणतो.
चार महिन्यांत एकाही तक्रारीत ते आलं नव्हतं.

"जुना आकडा आहे," मी म्हटलं. "पूर्ण गेला नाही."
"आसूं दी," म्हणाले,
आणि चष्मा कपाळावर सरकवून
बोट पाण्यात बुडवलं.